एमए इतिहास करताय? म्युझियम बघायचं कसं, जवळपास फिरायचं कसं आणि यातून काम शोधायचं कसं

मी पुण्यात एमए हिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मूळची जुन्नर तालुक्यातली. इतिहास घेतल्यापासून घरी, एसटीत, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे एकच प्रश्न, "मग पुढे काय, शिक्षिका होणार का?" आणि आता ज्युनियर मुलंमुली तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतात, ताई इतिहासात स्कोप आहे का, म्युझियममध्ये जॉब मिळतो का, जुनी मोडी लिपी शिकू का, आणि फिरायला पैसे कुठून आणायचे. प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहितेय.

आधीच सांगते, या दोन वर्षांत मला एक गोष्ट पक्की पटलीये. एखादी वस्तू किंवा जागा समोर असताना ती नीट बघायची आणि तिच्यावर स्वतःच्या शब्दांत एक पान लिहायचं, हे ज्याला जमतं त्याला आपल्या विषयात पुढची वाट सापडते. मार्क लागतातच, प्राध्यापकीसाठी नेट-सेट ही पात्रता परीक्षाही लागते. पण मुलाखतीला, इंटर्नशिपला, पीएचडीच्या प्रपोजलला, अगदी रविवारी हेरिटेज वॉक घ्यायचा झाला तरी शेवटी ते एक पानच उपयोगी पडतं. मी पुढे जे काही सांगणारे ते सगळं त्या एका पानासाठी आहे.

म्युझियममध्ये गेल्यावर

आपण सगळेच सुरुवातीला सगळं म्युझियम एका दमात बघून टाकतो. तिकीट काढायचं, पहिल्या दालनापासून सुरू, फोटो, फोटो, फोटो, आणि बाहेर आल्यावर काय बघितलं विचारलं तर "खूप भारी होतं" यापलीकडे सांगता येत नाही. पुण्यात बाजीराव रोडजवळचं राजा दिनकर केळकर म्युझियम घ्या. संग्रह वीस हजारांच्या वर वस्तूंचा, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, तरी त्यासुद्धा एका दिवसात बघून होत नाहीत. काका केळकर चष्म्याच्या दुकानाचा व्यवसाय करायचे आणि ते सांभाळून गावोगावच्या जुन्या वाड्यांतून एकेक वस्तू गोळा करायचे, पत्नी कमलाबाईंची साथ होती, एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला आणि त्याच्या आठवणीत हे म्युझियम उभं राहिलं, १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह सरकारच्या हाती दिला. हे एकदा कळलं की तिथला साधा पितळी दिवासुद्धा आपण वेगळ्या नजरेने बघतो, कारण तो कुणीतरी कुणाच्या तरी माजघरातून उचलून, पुसून, जपून इथवर आणलाय.

मी काय करते ते सांगते. पहिला अर्धा तास फोन बॅगेत. नुसता एक चक्कर मारायचा, कुठे काय आहे बघायचं. मग एकच वस्तू निवडायची आणि तिच्यासमोर वीस मिनिटं थांबायचं, हातात वही आणि पेन्सिल. पहिली पाच मिनिटं कंटाळा येतो, नंतर डोळे उघडतात, हे मी स्वतः अनुभवलंय.

मी पहिल्यांदा अडकित्ता निवडला होता. तिथे अडकित्त्यांचे शेकडो प्रकार आहेत, घोड्याचे, पोपटाचे, जोडप्याचे. मी बघत बसले तेव्हा आधी नक्षीच दिसत होती. मग लक्षात आलं की पातं लोखंडाचं आहे आणि मुठी पितळेच्या, म्हणजे दोन धातू, कदाचित दोन कारागीर. मग बिजागरीची खीळ दिसली, ती एका बाजूने झिजलेली. मुठीवरची नक्षी वरून ठसठशीत आणि जिथे बोटं येतात तिथे पार गुळगुळीत. म्हणजे ही वस्तू नुसती शोभेची नव्हती, रोज कुणीतरी सुपारी कातरत होतं. मग प्रश्न सुरू झाले, सुपारी तर देशावर पिकत नाही, कोकणातून घाटावर यायची, कुठल्या घाटाने, जकात कुठे लागायची, पानसुपारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही याचे गावात मान होते, त्यावरून भांडणं व्हायची आणि ती भांडणं पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांत, पोचायची. एका अडकित्त्यापासून व्यापार, मानपान आणि न्यायनिवाडा, तिन्हीकडे रस्ता गेला. वर्गात हे तीन वेगवेगळे पेपर आहेत.

वहीत पाच गोष्टी लिहा. कशाची बनलीये, कुठे झिजलीये, कोण वापरत असेल, इथे कशी आली, आणि पाटीवर काय लिहिलेलं नाहीये. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पाटीवर "अडकित्ता, पितळ, १९ वे शतक" एवढंच असतं. तुम्ही घरी येऊन त्याच वस्तूची साठ-सत्तर शब्दांची पाटी लिहून बघा, शाळेतल्या मुलाला कळेल अशी. मी सात वेळा खोडली पहिली पाटी. म्युझियममध्ये काम करणाऱ्यांचं हे रोजचं काम आहे, आणि ते जमतंय असं दाखवता आलं तर तुमचा अर्ज वेगळा दिसतो.

अजून एक, वस्तूच्या बुडाशी किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरात रंगवलेला नंबर दिसतो का बघा. तो नोंदणी क्रमांक, त्यावरून रजिस्टरमध्ये ती वस्तू कधी आली, कुणाकडून आली हे सापडतं. नंबर हरवला की वस्तू मुकी होते. आणि चित्रांच्या किंवा जुन्या कापडाच्या दालनात अंधार का असतो म्हणून चिडू नका, कागद, कापड आणि लघुचित्रांसाठी साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात, त्याच्यावर गेलं की रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. फ्लॅश मारू नका हे सांगायला लागू नये, पण अजूनही लोक मारतात आणि मला खरंच त्रास होतो ते बघून.

जायच्या आधी फोन करा. एकदा मी एका तालुक्याच्या गावी तीन तास एसटीने गेले तिथलं छोटं संग्रहालय बघायला आणि दाराला कुलूप, शेजारच्या टपरीवाल्या काकांनी सांगितलं की साहेब रजेवर असले की उघडत नाही. तो दिवस गेला तो गेलाच. बरीच म्युझियम्स सोमवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, म्हणजे दोन्ही करायचं तर वार बघून निघा.

पुण्याबाहेर कुठली बघू असं विचाराल तर मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आणि भायखळ्याचं भाऊ दाजी लाड, ही दोन मांडणी शिकायला. नागपूरचं अजब बंगला १८६३ चं, आपल्याकडच्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. पण माझं मन रमलं ते कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये, तिथे ब्रह्मपुरीला सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी ग्रीक देव. पुस्तकात रोमन व्यापार म्हणून दोन ओळी वाचल्या होत्या, ती वीतभर मूर्ती बघितल्यावर त्या दोन ओळी खऱ्या वाटल्या.

फिरायचं कसं

फिरायचं म्हटलं की सगळ्यांना रायगड, राजगड आठवतात. जायलाच पाहिजे, जुलै २०२५ मध्ये आपले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याचा आनंद आहेच. पण गर्दीच्या ठिकाणी अभ्यास होत नाही आणि त्या जागांवर आधीच खूप लिहिलं गेलंय. तुमच्या तालुक्यावर कुणी लिहिलंय? तिथून सुरुवात करा.

एक सोपी युक्ती सांगते, ठिकाणं निवडू नका, वाट निवडा. मी नाणेघाटाची वाट निवडली कारण ती माझ्या घराजवळून जाते. कोकणातल्या बंदरांवरून, कल्याण-सोपाऱ्याकडून माल घाट चढून जुन्नरला यायचा, तिथून पैठण, तिथून तेर. पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, दोन्हींची नावं आहेत, भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तगर दहा दिवसांवर असं लिहिलंय, आणि गाड्यांतून माल येतो असंही. ही अख्खी वाट आज एसटीने करता येते, एका फेरीत नाही, वर्षभरात तुकड्या तुकड्याने. मी आतापर्यंत नाणेघाट, जुन्नरची लेणी आणि पैठण केलंय, तेरला दिवाळीच्या सुट्टीत गेले होते. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी बाहुली आहे, तशाच घडणीची एक इटलीत पाँपेईला सापडलीये. तिच्यासमोर उभी होते तेव्हा मला घाटघरची, आपल्या नाणेघाटाच्या माथ्यावरची हवा आठवत होती.

नाणेघाटात लोक रिव्हर्स धबधबा बघायला येतात आणि गुहेत डोकावून परत जातात. गुहेत आत जा. डाव्या-उजव्या भिंतीवर ब्राह्मी या प्राचीन लिपीतला मोठा लेख आहे, सातवाहनांची राणी नागनिका हिच्या घराण्याचा, त्यात अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि दान दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापण नावाची नाणी यांचे आकडे आहेत. हे आकडे म्हणजे आपल्याकडे कोरलेल्या सगळ्यात जुन्या अंकांपैकी आहेत. मागच्या भिंतीवर पूर्वी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, त्या गेल्या, आता फक्त पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं उरलीयेत, सिमुक सातवाहन, देवी नायनिका, महारठी त्रनकयिर. मी तिथे बॅटरी तिरपी धरून "महारठी" शोधत होते आणि सापडल्यावर बराच वेळ नुसती बघत राहिले. दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द, आणि बाहेर ट्रेकवाले मराठीत एकमेकांना हाका मारतायत.

बाहेरचा दगडी रांजण सगळ्यांना माहितीये, त्यात जकात टाकायचे असं सांगतात. तिथून जुन्नरला परत येऊन लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी असे लेण्यांचे गट बघा. लेण्याद्रीला सगळे गणपतीला जातात, पायऱ्या चढून दर्शन घेऊन उतरतात. तो गणपती ज्या लेण्यात आहे ते मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार होतं, बाजूच्या भिंतींत राहायच्या खोल्या अजून दिसतात, आणि शेजारीच चैत्यगृह, म्हणजे त्यांचं प्रार्थनेचं लेणं, आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे, म्हणजे ग्रीक लोकांचे, दानलेख आहेत, त्यातल्या इरिल नावाच्या माणसाने पाण्याची दोन टाकी दिलीत, लेखात शब्द आहे "पोढी". राजाने गाव दिलं, हत्ती दिले हे वाचून काही वाटत नाही, पण परक्या मुलखातून आलेल्या माणसाने पाण्याची सोय करून दिली हे माझ्या डोक्यातून जात नाही.

खर्चाचं म्हणाल तर एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, मी त्याचा पुरेपूर फायदा घेते. एकटीने जायचं असेल तर सकाळची पहिली गाडी, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कंडक्टरला उतरतानाच विचारून ठेवायची, आणि घाटघरसारख्या ठिकाणी दोघी-तिघी मिळून जा, गाड्या कमी असतात. पाणी, भाकरी, पंधरा सेंटिमीटरची पट्टी, पेन्सिल, बॅटरी. पट्टी फोटोत शेजारी ठेवायची म्हणजे आकार कळतो, गाईडने सांगितलेली ही साधी सवय मी सगळ्यांना लावते.

गावामागचे दगड

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय ते. आपल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या गावात मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळामागे दोन-चार कोरीव दगड उभे किंवा आडवे पडलेले असतात. बहुतेक ते वीरगळ असतात, लढाईत किंवा गायी सोडवताना मेलेल्या माणसाची आठवण. खालच्या चौकटीत लढाई किंवा मेलेला वीर, कधी गायींचा कळप, त्याच्या वरती अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. वाचायचं खालून वर. कोपरात वाकलेला, बांगड्या घातलेला हात दिसला तर सतीचा दगड. आणि खाली गाढव कोरलेलं असेल तर गधेगळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी दगडात कोरून ठेवलेली, त्याच्यावर लेख असण्याची शक्यता असते म्हणून गधेगळ दिसला की नीट बघा.

असे दगड बघायला सकाळी साडेसात-आठ किंवा संध्याकाळी जा, तिरपं ऊन पडलं की झिजलेलं कोरीव काम उठून दिसतं, भर दुपारी तोच दगड सपाट वाटतो. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, हळद, पीठ, तेल काहीही लावू नका. धूळ असेल तर मऊ ब्रश, बास. लांबी-रुंदी-जाडी मोजा, कुठल्या दिशेला तोंड आहे लिहा, प्रत्येक चौकटीचं वेगळं रेखाचित्र काढा, चित्र वाईट आलं तरी चालेल, काढताना जे दिसतं ते फोटोत दिसत नाही.

आणि गावातल्या माणसांशी बोला. मी एका गावात अशीच दगडासमोर उकिडवी बसून मोजत होते तर एक आज्जी आल्या, "कुनाची गं तू? सरकारी हाय का?" मी सांगितलं, आज्जी, कॉलेजात शिकते, हे दगड बघायला आलेय. त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "हे आमचे वीर हायेत पोरी. घरात लगीन निघालं की पयला नारळ हितं." कुठल्याही पुस्तकात तो दगड नाहीये, पण त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचा पहिला नारळ त्याला जातोय. मी ते तारखेसकट लिहून ठेवलं. गावकऱ्यांनी दगडाला शेंदूर किंवा ऑइल पेंट लावलेला दिसला तर तोंडावर शिकवायला जाऊ नका, तो दगड टिकलाय तो त्यांनी पूजला म्हणूनच, ओळख वाढली की मग हळूच सांगता येतं.

सुट्या मूर्तींचं नेमकं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका, चोऱ्या होतात. नाणं, खापराचे तुकडे, मणी सापडले तर घरी आणू नका. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावशेष धरतात, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं, आणि जमिनीतून काही निघालं तर तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व विभागाला कळवायचं असतं. शिवाय वस्तू जागेवरून हलली की तिची निम्मी माहिती तिथेच राहते.

मोडी शिका, खरंच शिका

पुण्यात असाल तर तुमच्या नशिबाने सगळं हाताशी आहे. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० मध्ये काढलेलं. कौन्सिल हॉलजवळ पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात. येरवड्याला डेक्कन कॉलेज, १८२१ पासूनचं, तिथे इनामगावच्या उत्खननात निघालेल्या वस्तू बघा. या सगळ्या ठिकाणी मोडी किंवा ब्राह्मी शिकलेला विद्यार्थी आणि न शिकलेला विद्यार्थी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मोडीची अक्षरं पंधरा दिवसांत येतात. कागद वाचायला सहा महिने ते वर्ष जातं. ओळ आधी आडवी आखून घ्यायची आणि त्याला अक्षरं लटकवायची, हात न उचलता, शब्द कुठे संपला कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत. म्हणून रोज अर्धा तास, आठवड्यातून एकदा तीन तास बसून उपयोग नाही. पेशवेकालीन अक्षर आधी घ्या, ते वळणदार आणि स्वच्छ असतं, शिवकालीन नंतर.

अक्षर आलं की अडतं ते तारखेला. "समान सबैन मया व अलफ" असं दिसलं की घाबरू नका, हे अरबी आकडे आहेत, समान म्हणजे आठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, झालं सुहूर सन ११७८, मराठेशाहीच्या कागदांत वापरायची ती कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, म्हणजे इ.स. १७७७-७८. शके असेल तर ७८ मिळवायचे. आणि तारखेच्या आधी "छ" दिसतं ते चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तिथी. हा तक्ता मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय.

पुराभिलेखागारात पहिल्यांदा जाताना विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र आणि विषय एका वाक्यात सांगता येईल एवढी तयारी ठेवा. कागद कापडात बांधलेले असतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, मागणी लिहून द्यायची, रुमाल येतो, पेन्सिलनेच लिहायचं, बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. माझा पहिला रुमाल सोडला तेव्हा आतून शाईचा आणि जुन्या कागदाचा जो वास आला तो अजून आठवतो. पहिल्या दिवशी मला चार ओळी वाचता आल्या, त्यात एका बाईने विहिरीच्या पाण्याच्या वाट्यासाठी केलेली तक्रार होती.

काम कुठे मिळतं

आता जे खरं आहे ते सांगते. प्राध्यापकीची वाट लांब आहे. नेट किंवा सेट, पीएचडी, आणि त्यानंतरही कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवतायत, हुशार आणि मनापासून शिकवणारी माणसं आहेत ती आणि त्यांचे हाल बघून वाईट वाटतं. म्हणून फक्त त्या एका वाटेवर सगळं लावू नका. नेटमधूनच मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप निघाली तर महिन्याला ३७ हजार मिळतात, साधारण वयोमर्यादा तीस, मुलींना आणि आरक्षित वर्गांना पाच वर्षं सवलत, त्यामुळे एमएच्या दुसऱ्या वर्षापासूनच बसा परीक्षेला. पीएचडीसाठी सारथी, बार्टी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या सरकारी संस्थांच्या फेलोशिप आहेत, आपल्याला कुठली लागू होते ते बघा. एमपीएससी-यूपीएससीबद्दल मी लिहित नाही, त्यावर सांगणारे खूप आहेत.

म्युझियमची आवड असेल तर म्युझियॉलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, हा वेगळा अभ्यास आहे हे आधी समजून घ्या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्याचा जुना विभाग आहे, नोएडाला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये म्युझियॉलॉजी, कॉन्झर्व्हेशन, कलेचा इतिहास असे एमए आहेत, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा स्वतःचा पीजी डिप्लोमा आहे, मुंबईत राहायची सोय असेल तर मला तो सगळ्यात चांगला वाटतो कारण रोज वस्तूंमध्ये वावरायला मिळतं. उत्खननाची ओढ असेल तर डेक्कन कॉलेज, किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडातल्या संस्थेचा दोन वर्षांचा डिप्लोमा, तिथे एंट्रन्स असते, जागा मोजक्या असतात, पण स्टायपेंड मिळतो. कागदपत्रांत रमत असाल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा. राज्य सरकारच्या संग्रहालयांत अभिरक्षक (क्युरेटर), सहायक अभिरक्षक अशी पदं असतात, जाहिरात कधी येईल सांगता येत नाही, म्हणून पात्रता आधीच तयार ठेवा.

सरकारी पदांच्या बाहेरही काम आहे, फक्त त्याची जाहिरात पेपरात येत नाही. देवस्थानांची आणि जुन्या घराण्यांची दफ्तरं स्कॅन करून यादी करणं, जमिनीच्या दाव्यांसाठी मोडी कागदाचं देवनागरी लिप्यंतर. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा जुनी कोतवाल बुकं आणि जन्ममृत्यूची रजिस्टरं वाचायला मोडी येणारी माणसं कमी पडत होती. हेरिटेज वॉक हा अजून एक मार्ग. पुण्यात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीवर एक तास बोलता येईल एवढं साहित्य आहे, १७५४ मध्ये बांधायला घेतलेलं देऊळ, दारावर गेंडा आणि बंदूकवाले शिपाई, आत संस्कृत आणि फारसी दोन्ही लेख. पहिले तीन-चार वॉक मित्रमैत्रिणींसाठी फुकट करा, मग पैसे घ्या आणि पैसे घ्यायला लाजू नका, तुम्ही अभ्यास केलाय.

इंटर्नशिपसाठी मेल करताना "मला इतिहासाची आवड आहे" असं लिहू नका, सगळेच लिहितात. तुमच्या संग्रहातल्या अमुक वस्तूवर मी एक पान लिहिलंय, सोबत जोडलंय, उन्हाळ्यात दोन महिने नोंदणीचं काम करायची तयारी आहे, एवढं चार ओळींत लिहा. मी असे अकरा मेल पाठवले, दोन उत्तरं आली, एका ठिकाणी सहा आठवडे काम मिळालं. पहिला आठवडाभर मी फक्त भांडी मोजून, वजन करून रजिस्टरमध्ये लिहीत होते आणि त्यात एवढं शिकले की एका सेमिस्टरमध्ये शिकले नसते. पैसे मिळणार का हे आधीच स्पष्ट विचारा, निदान जाण्यायेण्याचा खर्च तरी मागा.

आणि ज्या गावात गेलात तिथे परत जा, लिहिलेलं पान आणि फोटोची प्रिंट घेऊन. मी त्या आज्जींकडे दोन महिन्यांनी गेले, सकाळच्या उन्हात काढलेला वीरगळाचा मोठा फोटो होता, खालची चौकट स्वच्छ दिसत होती. त्यांनी चष्मा लावला, फोटो उंबऱ्यापाशी उजेडात नेला, खालच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं बया, ह्या गायी हायेत व्हय. म्या इतकी वरसं कुत्री समजत व्हते." मग आतून सुनेला हाक मारली, फोटो तिच्या हातात दिला आणि त्या गायी कुणी पळवल्या असतील, कुठून आले असतील ते लोक, हे मला विचारायला लागल्या. त्याचं उत्तर शोधायला मी पुढच्या महिन्यात त्याच ओढ्याच्या वरच्या दोन गावांत जाणार आहे, तिथेही देवळामागे दगड आहेत असं त्यांच्या सुनेनेच सांगितलंय.